मागच्या खोलीतली पावलं

"बाबा, तुमच्याबरोबर घरात कोण आहे?"

कौस्तुभ बंगळूरहून फोन करतो तेव्हा आधी माझ्या गुडघ्याची चौकशी होते, मग औषधांची, मग जयसिंगपूरच्या उन्हाची. त्या दुपारी यातलं काहीच नाही. मी नुकताच जेवणानंतरची शतपावली आटोपून आरामखुर्चीत टेकलो होतो.

"मी आहे," मी म्हटलं. "आणि ट्यूबलाइटमागे एक पाल आहे. तुझ्या ओळखीची."

"थट्टा नको. तुम्ही पॅसेजमध्ये फेऱ्या घालत होता, तेव्हा मागच्या खोलीत कुणीतरी चालत होतं. मला पडद्यावर स्वच्छ दिसलं. आता दिसत नाही."

"मग गेलं असेल," म्हणून मी फोन ठेवला. ठेवला खरा, पण काठी घेऊन मागच्या खोलीत जाऊन आलोच. प्रमिलाचं कपाट, मिटून ठेवलेली खाट, बंद खिडकी. मागच्या दाराला कुलूप होतं. तरी मी ते ओढून बघितलं, आणि परत येताना पुन्हा एकदा ओढलं.

हा पडदा काय प्रकार आहे ते सांगायला हवं. माझी बायको प्रमिला गेल्यावर कौस्तुभ आणि सूनबाई गार्गी मला बंगळूरला न्यायच्या मागे लागले. त्यांच्या सोसायटीत म्हाताऱ्यांसाठी वेगळा मजला आहे. मी एकदा बघून आलो. तिथे संध्याकाळी सगळ्यांना गोल बसवून फुगा उडवायला लावतात. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत हयात काढली. माझ्या सहीशिवाय साखरेचं पोतं गोदामाबाहेर पडत नसे. आणि आता फुगा! मी साफ नकार दिला. रुसवेफुगवे झाले, आणि शेवटी तडजोड ठरली ती 'चाहूल'ची.

चाहूलमध्ये कॅमेरा नाही, माइक नाही, मनगटाला पट्टा नाही. नुसता एक राउटर आणि भिंतीच्या कडेने घरभर फिरवलेली नेटवर्कची केबल. विहिरीत हाक मारली की ती जशी परत येते, तशी केबलमध्ये सोडलेली हाकही परत येते. राउटर अशा बारीक हाका सतत मारत असतो आणि कान देऊन ऐकत असतो. फरशीवर पाऊल पडलं की फरशी थरथरते, कडेची केबल केसभर हलते, आतल्या तारांचा पीळ जरासा सरकतो आणि परत येणारी हाक बदलते. ती किती वेळाने आली यावरून पाऊल कुठे पडलं ते कळतं. कशी बदलली यावरून कुणाचं पडलं तेही कळतं, कारण प्रत्येकाच्या चालीची एक ढब असते. माझी ढब म्हणजे उजवा पाय ओढणं.

यंत्राच्या भाषेत कौस्तुभ माझा 'पालक'. त्याच्या फोनवर घराचा नकाशा दिसतो, त्यात पावलं उमटतात, आणि माझ्या नावापुढे एक ठिपका असतो. आमचा करार असा की ठिपका हिरवा आहे तोवर मी माझ्या घरात राहायचं. पिवळा झाला की डॉक्टर, लाल झाला की बंगळूर.

केबल टाकायला कंपनीचा माणूस आला होता. पुढच्या खोल्या त्याने ठीक केल्या. मग पॅसेजमध्ये येऊन प्रमिलाने हौसेने बसवून घेतलेल्या सागवानी चौकटीलाच ड्रिल लावलं. मी असा काही कडाडलो की तो हत्यारं आवरून गेला. उरलेली केबल आणि कनेक्टर मी त्याच्याकडून ठेवून घेतले, दाबून बसवायची पक्कड विकत आणली आणि मागचा भाग स्वतः जोडला. कौस्तुभ फोनवरून सूचना देत होता. "बाबा, तारांच्या रंगांचा क्रम बघा हं." मी म्हटलं, "मला रंग शिकवू नकोस, मी रसायनवाला आहे." काम इतकं देखणं झालं की मी ते सगुणाला मुद्दाम बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "झ्याक हाय."

सगुणा म्हणजे आमच्या स्वयंपाकाच्या बाई, प्रमिला होती तेव्हापासूनच्या. सकाळी यायच्या मागच्या दाराने, भाकरी-भाजी, केरवारे, माझ्याशी वाद, आणि मी पानावर बसलो की "येते सायेब" म्हणून जायच्या. दाराची एक किल्ली कायम त्यांच्या कमरेला. बोलताना मी तिला अगंतुगंच करतो, म्हणून इथेही तसंच लिहितो. ती होती म्हणून ठिपका हिरवा होता, हे मला आणि कौस्तुभला दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास पुन्हा फोन. "आजही होती ती व्यक्ती. चाहूलने चालीचं वर्णन दिलंय. डावा पाय ओढते." मग जरा थांबून म्हणाला, "बाबा, सगुणामावशींचा कुठला गुडघा दुखतो?"

डावा. मीच तिला माझं तेल दिलं होतं लावायला.

आता माझा स्वभाव सांगतो. प्रयोगशाळेत मी कधी कुणाच्या शब्दावर साखर पास केली नाही. तोच डोळा मी घराला लावला. सगुणा सकाळी आली की मी तिच्या पायांकडे बघायचो. ती पॅसेज झाडायला गेली की वर्तमानपत्राआडून कान टवकारायचो. साखरेच्या डब्यात बोट घालून पातळी बघितली, आणि स्वतःचीच लाज वाटली, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितली. प्रमिलाचं कपाट उघडलं तर डांबरगोळ्या कमी वाटल्या. डांबरगोळ्या उडून जातात हे मला कळत नाही असं नाही, पण संशयाला रसायनशास्त्र नको असतं. मग साड्या बघितल्या. निळी इरकल नव्हती. तिच्या जागी वर्तमानपत्राचा कागद होता.

दुपारी ती जाते, मी शतपावली घालतो, त्या वेळी किल्लीने मागचं दार उघडून ती आत येते आणि कपाट उघडते. सगळं चपखल बसत होतं. यंदाच्या चैत्रात ऊन इतकं की शतपावली अंगणातून पॅसेजमध्ये आली होती, आणि मी पॅसेजमध्ये असताना मागच्या खोलीतलं माणूस मला दिसत कसं नाही, हा प्रश्न मात्र मी स्वतःला विचारला नाही.

दुसऱ्या सकाळी ती भाकरी थापत होती तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

"सगुणा, दुपारी घरी गेल्यावर तू परत इकडे येतेस का?"

"कशाला यिऊ?"

"मागच्या दाराने."

तिचे हात थांबले. "कुणी बगितलं?"

"चाहूलने."

"त्या डबड्यानं?"

"त्यात डावा पाय ओढणारं माणूस दिसतंय. आणि कपाटात निळी इरकल नाही."

तव्यावरच्या भाकरीला फोड आला तशी तिने ती उलटली. "ती साडी तुमीच मला दिलीसा, सायेब. वैनींच्या वर्षसराद्धाला. सूनबाईंच्या म्होरं."

"मी? मला असं काही आठवत नाही."

"तुमास्नी आठवत न्हाई, म्हून मी चोर व्हय?"

तिने भाकरी आचेवर फुगवली, टोपलीत ठेवली, गॅस बंद केला, हात धुतले. कमरेची किल्ली सोडून ओट्यावर ठेवली. "गरम हाय तवर खावा," म्हणाली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुढच्या दाराने निघाली. रोज "येते" म्हणणारी बाई त्या दिवशी "जाते" म्हणाली.

मी भाकरी खाल्ली. शतपावलीही घातली, सवय म्हणून. आणि फोन वाजला.

"बाबा, आजही होती. आत्तापर्यंत होती मागच्या खोलीत."

किल्ली माझ्यासमोर ओट्यावर पडली होती. सगुणा ती ठेवून गेल्याचं मी त्याला सांगितलं.

"म्हणजे सगुणामावशी नव्हत्या," कौस्तुभ म्हणाला.

"नव्हती."

"मग कोण? बाबा, मी रागावणार नाही. गार्गी तर म्हणते, तुमची कुणी मैत्रीण वगैरे असेल तर आम्हाला आनंदच आहे."

"तिला म्हणावं, माझी मैत्रीण असती तर मी तिला मागच्या खोलीत डांबून स्वतः पॅसेजमध्ये फिरलो नसतो!"

तो हसला नाही. मग अगदी हळू आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाला, "बाबा, ठिपका पिवळा झालाय. तुम्ही कुणी नाही म्हणता असं मी कळवलं, तर खाली लिहून आलंय की रहिवासी घरातल्या व्यक्तीचं अस्तित्व नाकारतो. कंपनी म्हणते, हे विसरण्याच्या आजाराचं लक्षण असू शकतं. मी शनिवारी गाडी घेऊन येतो. आपण नुसती तपासणी करू."

नुसती तपासणी करायला कुणी बंगळूरहून गाडी घेऊन येत नाही, तपासणी कोल्हापुरातही होते. मला फुगा दिसायला लागला.

त्याहून वाईट गोष्ट दुसऱ्या सकाळी घडली. स्वतःचा चहा स्वतः करत होतो. आधणात साखर टाकली आणि एकाएकी ती साडी आठवली. वर्षश्राद्धाची पंगत उठलेली, गार्गी ताटं गोळा करतेय, मी कपाटातून निळी इरकल काढून सगुणाच्या मांडीवर ठेवतोय, आणि ती पदराने डोळे पुसत म्हणतेय, "वैनींच्या अंगावर लई शोभायची." सगळं जसंच्या तसं. मीच दिली होती. तिच्या जागी कागदही मीच घातला होता.

मग मागच्या खोलीत चालणारंही खरंच कुणी असेल का? ज्याला मीच घरात घेतलं आणि विसरलो? चहा उतू जाऊन ओट्यावर पसरला. हे कुणालाच सांगायचं नाही, असं मी ओटा पुसता पुसता ठरवलं. सगुणालाही नाही, कारण तिला सांगितलं की ते कौस्तुभपर्यंत जाणार, आणि कौस्तुभला कळलं की ठिपका लाल.

शुक्रवारी मी सापळा लावला. प्रमिलाचा रांगोळीचा डबा काढला आणि चहाच्या गाळणीने मागच्या खोलीभर रांगोळीचा पातळ थर चाळला. खिडकीपासून उंबऱ्यापर्यंत एक बोटभर जागा सोडली नाही. जेवण झाल्यावर कौस्तुभला फोन लावला, कानाला धरला आणि पॅसेजमध्ये फेऱ्या सुरू केल्या.

"आली का?"

"आली. बाबा, तुम्ही बाहेर जा, मी शेजारच्यांना फोन करतो—"

"गप्प बस. कुठे आहे?"

"दाराकडून खिडकीकडे चाललीय."

मी काठी उगारून उंबऱ्यापाशी गेलो. आत कुणी नव्हतं. रांगोळी दुधावरच्या सायीसारखी अखंड होती, मुंगीचंसुद्धा पाऊल नाही.

"आता?"

"थांबली."

मी चार पावलं मागे गेलो.

"निघाली. परत निघाली, बाबा."

"कुठला पाय ओढतेय?"

"डावा."

मी तिथेच उभा राहिलो. मग उजव्या गुडघ्यावर भार देत, कळ सोसत, डावा पाय मुद्दाम ओढत चाललो.

मग कौस्तुभ म्हणाला, "उजवा ओढायला लागली. बाबा, तुम्ही काय करताय?"

"चोर पकडतोय," मी म्हटलं आणि पॅसेजमध्येच खाली बसलो. हसू येत होतं की रडू, कळत नव्हतं. पण डोकं शाबूत होतं माझं, निदान मागच्या खोलीपुरतं तरी.

केबलच्या जोडावरचं भिंतीतलं झाकण काढून मी केबल ओढली आणि पारदर्शक कनेक्टर उजेडात धरला. नारिंगीशेजारी नारिंगी, हिरवीशेजारी हिरवी, निळीशेजारी निळी, तपकिरीशेजारी तपकिरी. माझी टापटीप.

केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. प्रत्येक रंगीत तारेची जोडीदारीण त्याच रंगाच्या पट्ट्याची पांढरी तार, आणि दोघींचा एकमेकींना पीळ. बाहेरचा गोंगाट पिळातल्या दोघींवर सारखाच पडतो, राउटर दोघींमधला फरक तेवढा वाचतो, म्हणून गोंगाट आपोआप वजा होतो. कनेक्टरच्या ठरलेल्या क्रमात मात्र जोड्या ओळीने बसत नाहीत. मधल्या दोन खाचा निळ्या जोडीच्या, आणि हिरवी जोडी तिच्या अलीकडे-पलीकडे फाकलेली. कंपनीच्या माणसाने केलेलं ते मी पुढच्या खोलीत बघितलं होतं आणि मला ते गबाळं वाटलं होतं. म्हणून मी नीट लावलं. दोन्ही टोकांना सारखंच, म्हणजे तारेला तार मिळालीच, इंटरनेट चाललं, कुणाला संशय आला नाही.

पण राउटर रंग बघत नाही, खाच बघतो. त्याने हिरवीतली एक आणि निळीतली एक अशी जोडी धरली आणि उरलेल्या दोघींची दुसरी. पीळ एकीशी, कारभार दुसरीशी. मग एका जोडीत उमटलेलं पाऊल दुसरीत पाझरायला लागलं. पाझरताना जरा उशीर झाला, म्हणून ते पुढे, मागच्या खोलीत दिसलं. उलटं होऊन पाझरलं, म्हणून उजव्याचा डावा झाला. सकाळी सगुणा पॅसेज झाडायची तेव्हा तिचीही सावली उजवा पाय ओढत मागच्या खोलीत फिरत असणार. यंत्राने तिला मी समजून सोडून दिलं.

मी दोन्ही टोकं कापली आणि नवे कनेक्टर बसवले, त्या गबाळ्या क्रमाने. संध्याकाळपर्यंत ठिपका हिरवा झाला.

कौस्तुभ तरीही शनिवारी आला. गाडीतून उतरला तो हसतच. गाडीच्या डिकीत दोन रिकाम्या बॅगा होत्या, त्या त्याने मला दिसू नयेत म्हणून डिकी घाईने लावली.

"मिटलं ना बाबा सगळं? मी उगाच घाबरलो."

"तू मला न्यायला निघाला होतास. मी सांगत होतो कुणी नाही म्हणून."

"पडद्यावर दिसत होतं, बाबा," तो म्हणाला.

मी त्याला चांगलं फैलावर घेणार होतो. पण 'कुणी बगितलं?' असं सगुणाने विचारलं तेव्हा मीही हेच उत्तर दिलं होतं.

"गाडी काढ," मी म्हटलं. "सगुणाकडे जायचंय."

तिचं घर रेल्वे फाटकापलीकडे. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. आम्हाला बघून उठली, आत जाऊन दोन तांबे पाणी आणून ठेवलं, आणि पुन्हा सूप घेऊन बसली. मी तिला सगळं समजावून सांगितलं, तारा, पीळ, हिरवी जोडी, निळी जोडी, पाझरणं. ती खडे तेवढे बाजूला टाकत होती.

"म्हंजी," ती म्हणाली, "मशीन म्हनलं तवा मी चोर. आता मशीन न्हाई म्हनतंय, तवा मी साव. बरं हाय. पर सायेब, मधी तुमास्नी काय वाटलं? तुमचं तुमास्नी?"

कौस्तुभ शेजारीच उभा होता. पाणी प्यायला तांबा उचललेला, तो तसाच हातात. खोटं बोलणं सोपं होतं. मला तुझ्यावर शंका नव्हतीच, असं म्हणालो असतो तर तिने मान हलवली असती आणि आम्ही घरी आलो असतो, हिरव्या ठिपक्याच्या घरी.

"साडी मला आठवली," मी म्हटलं. "तार दुरुस्त व्हायच्या आधीच. मीच दिली होती. तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी आठवली. तेव्हाच यायला हवं होतं मी. नाही आलो. मी विसरतो हे याला कळलं असतं, म्हणून." मी कौस्तुभकडे बघितलं नाही. "तू चोर नाहीस हे मला यंत्राच्या आधी कळलं होतं, सगुणा, आणि तरी मी गप्प बसलो. मला लाज वाटते."

सुपातले तांदूळ तिने एकदा पाखडले. "इसरतं की माणूस," ती म्हणाली. "माझं न्हाई का गॅसवर दूध इसरत." एवढंच. ये म्हणायला मी धजावलो नाही, आणि येते असं ती म्हणाली नाही.

आम्ही परत निघालो. रहिवासी काय विसरला ते पालकाने चाहूलला कळवायचं असतं, हे मला माहीत आहे. फाटक पडलेलं होतं. त्याने खिशातून फोन काढला, घराचा नकाशा उघडला. नकाशात कुणीच नव्हतं, आम्ही दोघंही गाडीत होतो. त्याने थोडा वेळ बघितलं आणि फोन परत खिशात ठेवला.

"सोमवारी इथल्याच डॉक्टरांकडे जाऊ," तो म्हणाला. "मी थांबतो. आणि बाबा, सगुणामावशी त्या दिवशी पंगतीनंतर म्हणाल्या तशी ती निळी इरकल आईला खरंच लई शोभायची."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मालगाडी संपता संपेना.

सोमवारी सकाळी बेल वाजली. आमच्याकडे सकाळी बेल वाजत नाही. मी काठी टेकत पुढे गेलो, दार उघडलं, तर पायरीवर सगुणा. चपला काढून आत आली आणि परातीत पीठ घेतलं. जाताना "येते सायेब" म्हणाली.

तेव्हापासून रोज येते. रोज बेल वाजवते. मी एक एक पाऊल टाकत दारापर्यंत पोहोचेस्तोवर ती बाहेर पायरीवर उभी असते. पडद्यावर आता घरात बरोबर दोन माणसं दिसतात, दोघांची नावंही बरोबर. मागच्या दाराची किल्ली अजून ओट्यावरच आहे. भाकरी थापायच्या आधी ती किल्ली उचलून बाजूला ठेवते, काम झालं की ओटा पुसते, आणि किल्ली पुन्हा होती तिथे ठेवून देते.